बाकावरची आत्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल, तर ती पोस्टातल्या कारकुनाची बायको. नवऱ्याला भर रस्त्यातून ‘कुलूप लावलं का’ म्हणून ओरडून विचारते, तीच. हिला कसलं आलंय दुःख, असं माझ्या मनात आलं. पण बाकावर बसली मात्र, नाक ओढायला लागली आणि मग तिच्या धाकट्या दिराचं जे काही बाहेर आलं, बाई गं, तो म्हणे

इथल्या चार ओळी मी काळ्या केल्या. हे लिहायचं नसतं. कुंदाईनं वही देतानाच बजावलं होतं, “आजी, वहीत तुमचं मन लिहा, आलेल्या माणसाचं नाही. आणि नाव तर नाहीच नाही.” कुंदाई आम्हा पाच म्हाताऱ्यांवर देखरेख करते. हरारेला शिकून आलीय. माझ्या थोरल्या नातीएवढी आहे, पण बोलते अशी की आपण आपोआप पदर सारखा करतो.

तर माझं मन लिहिते. माझं मन फार खूश आहे. अडुसष्टाव्या वर्षी मला छातीवर लावायला बिल्ला मिळालाय. त्यावर लिहिलंय, एस्नाथ आजी, समुपदेशक. आमच्या रुसापेच्या बाजारात भाजी घेताना तो बिल्ला मी झाकत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पुढचं ऐंशी साली आमचा देश स्वतंत्र झाल्यावर रात्रीच्या वर्गात, कडेवर लेकरू घेऊन. आणि आता दवाखान्यामागच्या मुसासाच्या झाडाखाली माझा स्वतःचा बाक आहे. त्यावर माणसं येऊन बसतात आणि मी ऐकते.

ऐकायला काय शिकायचं, असं मी सहा आठवड्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. सरावात माझ्यासमोर विन्नेट बसली. माझी शेजारीण, चाळीस वर्षांची ओळख. ती बोलत असताना मी तिला अकरा वेळा तोडलं म्हणे. कुंदाईनं मोजलं. मग शिकले. गुप्तता शिकले. सहानुभूती वेगळी आणि समानुभूती वेगळी, हे शिकले. बाईच्या डोक्यावर पाण्याची बादली बघून हळहळायचं, ती सहानुभूती. त्याच बादलीखाली आपली मान घालून किती जड आहे ते बघायचं, ती समानुभूती. पण बादली घेऊन आपण पळायचं नाही, ती तिचीच, ही मर्यादा. हे शेवटचं मला जरा जड जातं. आयुष्यभर सगळ्यांच्या बादल्या घेऊनच पळालेय मी.

दहाच्या सुमाराला पिवळी आली. नाव लिहायचं नाही म्हणून पिवळी. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत पिवळा स्वेटर, एका बटणाच्या जागी सेफ्टी पिन. वय असेल बावीस-तेवीस. डोकं दुखतं म्हणून तीनदा गोळ्या नेल्या, तेव्हा नर्सनं माझ्याकडे पाठवली. आमच्याकडे चौदा प्रश्नांचा कागद असतो. झोप लागते का, एकटं असताना डोळे भरून येतात का, विचारांनी डोकं पोखरलं जातं का, असे. त्यातला एक लाल चौकोनात आहे. जगणं संपवावं असं मनात आलं का? त्याला ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि तिथल्या तिथं कुंदाईला सांगायचं. गुप्ततेच्या भिंतीला तेवढं एकच दार आहे, असं ती म्हणते.

पिवळीनं नऊ प्रश्नांना ‘हो’ म्हटलं. लाल प्रश्नाला ‘नाही’ म्हणाली, माझा प्रश्न संपायच्या आधीच.

मग जरा अवघडलं. ती काही बोलेना, मीही गप्प. गप्प बसायचं हेही शिकवलंय. पण किती वेळ बसणार? मी विचारलं, देवक काय तुझं? हे विचारू नका असं वर्गात सांगितलं होतं, पण देवक कळल्याशिवाय आपल्याकडे माणसाशी बोलायला तोंड कसं उघडायचं ते कुणी सांगत नाही. ती म्हणाली, म्होफू.

मी टाळ्याच वाजवल्या. रानातलं मोठं हरीण, माझं माहेरचं देवक. माझ्या बापाचं कुळ तेच तिच्या बापाचं. म्हणजे मी तिची आत्या झाले की. तिला म्हटलं, “अगं, आपण चिहेरा, म्होफूच्या लेकी. आपल्या कुळातल्या बायका कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.” तेव्हा ती हसली. एवढंसं, पण हसली. जाताना म्हणाली, “येते, आत्या.”

घरी येऊन मक्याच्या पिठाचा सादझा दोनदा वाढून घेतला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चर्चच्या बायकांचा दिवस. लाल ब्लाउज, पांढरी टोपी, त्यावर मी बिल्लाही लावला. पाद्रीणबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. विन्नेट कानाशी येऊन म्हणाली, तुझ्या बाकावर ती स्वेटरवाली कोण गं, त्या गिरणीमागच्या घराची सून ना? मी मक्याच्या लाह्या चघळत राहिले. ती म्हणाली, अगं सांग की, मीही बिल्लेवालीच आहे. मी म्हटलं, गुप्तता. तर माझ्याकडे बघून म्हणते, “तू? तुझ्या पोटात तर गरम चहासुद्धा राहत नाही.”

राहिलं. सात लेकरं वाढवलेल्या बाईला पोटात काय ठेवायचं ते कळतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पिवळी आली. आज आपण होऊन बोलली. तिचं काही लिहायचं नाही, पण माझ्या मनाचं लिहायचं तर हे लिहावंच लागेल, नाहीतर माझ्या मनात काय आहे ते कसं कळणार?

ऑक्टोबरात तिला बाळ झालं. मुलगी. एक रात्र जगली. दात न आलेलं लेकरू गेलं की आमच्याकडे त्याचा दुखवटा नसतो. पुरुष येत नाहीत, चूल विझवत नाहीत, कुणी गाणी म्हणत नाही. म्हाताऱ्या बायका नेतात आणि नदीकाठच्या ओल्या मातीत ठेवून येतात. आईनं बघायला जायचं नाही, जागा विचारायची नाही, रडायचं नाही, म्हणजे पुढच्या लेकराची वाट मोकळी राहते. हिच्या सासूनं नेलं. परत आली, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं. नवरा बोट्स्वानात खाणीत आहे. फोनवर म्हणाला, होईल दुसरं. त्याचं तरी काय चुकलं, असंच बोलतात.

ती म्हणाली, मला दूध येत होतं, आत्या. पंधरा दिवस येत होतं. म्हणून स्वेटर घालायला लागले, मग काढलाच नाही.

मी तिला तोडलं नाही. एकदाही नाही. माझी मान बादलीखाली होती आणि बादली माझ्या ओळखीची निघाली.

मग कागद पुन्हा भरायचा असतो. लाल प्रश्न विचारला. या वेळी ती लगेच बोलली नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. मग म्हणाली, “आत्या, ते लिहू नका.”

मी तिला म्हटलं, देवाचं नाव घे, तू चिहेरा आहेस, असलं काही मनात आणायचं नाही. ती ‘बरं’ म्हणाली. तिनं शब्द दिला. आत्याला शब्द दिलाय म्हणजे झालं. चौकोन मी रिकामा ठेवला. ‘हो’ लिहिलं असतं तर कुंदाई, मग डॉक्टर, मग मोठा दवाखाना, मग सगळ्या गावाला कळणार, म्होफूंची मुलगी वेडी झाली. कुळाची अब्रू आत्याच्या पदरात असते. आणि गुप्तता म्हणजे दुसरं काय?

बुधवार, १२ फेब्रुवारी

झोप आली नाही. मला ते ‘बरं’ आवडलेलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम केलं. गेले तीन दिवस मनात घोळत होतं. भाचीला सासरी जड जात असेल तर आत्यानं त्या घरी जायचं असतं, दुसरं कुणी नाही. आईसुद्धा नाही. हे माझ्या आजीच्या काळापासूनचं आहे, त्याला वर्गात जायला लागत नाही. बिल्ला घरी ठेवला. म्हटलं, बाकाचं बाकाकडे, हे कुळाचं काम. नवं झांबियाचं रंगीत कापड कमरेला गुंडाळलं, आपली ठिपक्यांची कोंबडी घेतली पाय बांधून आणि गेले गिरणीमागे.

सासू फार रीतीची बाई निघाली. माझ्याच वयाची, हाडानं बारीक. गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवून नमस्कार केला. मी देवक सांगितलं, नातं सांगितलं. लगेच म्हणाली, “या, विहीणबाई, आत या.” मी इकडचं तिकडचं बोलले, पाऊस, मका, खताचे भाव, माझा गुडघा. मग हळूच विषयाला आले. म्हटलं, लेकरू गेलंय हो, पोरीला थोडं रडू द्यावं, आमची मुलगी आतल्या आत सुकत चाललीय. सासू म्हणाली, ती घरात तर काही बोलत नाही, तुम्हाला कुठं भेटली? मी म्हटलं, दवाखान्याच्या बाकावर, दोनदा आली, सगळं बोलली माझ्याशी.

“असं,” ती म्हणाली. “आम्हाला वाटायचं ती दळणाला जाते.”

तेवढ्यात पिवळीच चहा घेऊन आली. ट्रेमधले कप वाजत होते. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. लाजली असेल, माहेरचं माणूस एवढ्या थाटानं आलेलं बघून. चहात साखर नव्हती, गडबडीत राहिली असेल. सासू मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, फार बरं झालं आलात, आता आमच्या घरातलं आम्हाला बाहेरून तरी कळेल. गोड बोलली. कोंबडी मात्र अंगणात तशीच पडून होती, पाय बांधलेली. सोडायचं विसरल्या.

येताना पाय हलके वाटत होते. थोडे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नऊ वाजता येते म्हणाली होती. आली नाही.

दहा. गिरणीला रांग असेल.

अकरा. दुसऱ्या एका आजोबांचं ऐकलं. ते काय म्हणाले मला सांगता यायचं नाही. माझी नजर फाटकाकडे होती. आजोबांची क्षमा मागायला हवी.

बारा. पिवळं काहीही दिसलं की उठते. एकदा पेट्रोलचा डबा होता.

दीड. कुंदाई आलीय. आज कागद तपासायचा दिवस.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल पुढचं लिहिलंच नाही. आज सगळं लिहिते, कारण कुंदाईनं म्हटलंय, लिहा, आणि या वेळी काही काळं करू नका.

ती बाकावर माझ्या शेजारी बसली, कागद मांडीवर. एकेक बघत गेली. पिवळीच्या दुसऱ्या कागदावर थांबली.

“आजी, हा चौकोन रिकामा का?”

मी म्हटलं, तिनं लिहू नका म्हणून सांगितलं.

“म्हणजे ती काहीतरी बोलली.”

ती वाट बघत राहिली. वाट बघणं तिच्याइतकं कुणाला जमत नाही. मग मी म्हटलं, तिनं मला शब्द दिलाय, मी तिची आत्या लागते, आमचं देवक एक आहे. आणि हेही म्हटलं की काळजी करू नकोस, मी शनिवारी जाऊन सासूशी नीट बोलून आलेय. हे मी कौतुकानं सांगत होते. सांगता सांगता तिचा चेहरा बघितला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलली. “आत्या होतात म्हणून ती तुम्हाला बोलली, आजी. आणि आत्या होतात म्हणून तुम्ही मला बोलला नाहीत. जिथं सांगायचं होतं तिथं सांगितलं नाहीत. जिथं सांगायचं नव्हतं त्या घरी कोंबडी घेऊन गेलात.”

मग विचारलं, आज ती येणार होती का? मी म्हटलं, नऊ वाजता. तिनं घड्याळ बघितलं नाही, उठलीच. नर्सला सांगितलं, फोन हातात ठेवा. मला म्हणाली, “चला. दोष नंतर वाटून घेऊ.” मी बिल्ला काढून तिच्या हातात द्यायला गेले. ती म्हणाली, असू दे अंगावर, लागेल.

गिरणीमागे सासू पायरीवर बसलेली. कुंदाईनं नमस्कार केला, दवाखान्यातून आलोय म्हणाली, सून कुठं आहे विचारलं. सासू माझ्याकडे बघून म्हणाली, “सकाळी पाण्याला म्हणून गेली.”

बादली दारातच होती. पालथी. कोंबडी अजून बांधलेलीच, पण तिच्यासमोर कुणीतरी बशीत पाणी ठेवलं होतं. दोरीवर पिवळा स्वेटर वाळत घातलेला. चार महिने जो अंगावरून उतरला नाही, तो तिनं आजच का धुतला?

कुंदाईनं विचारलं, शनिवारी सुनेशी काही बोलणं झालं का? आरोप करत नव्हती, वेळ विचारावी तसं विचारलं. सासूनं बराच वेळ पायरीवर हात फिरवला. म्हणाली, मी बोलले. घरची माती दवाखान्यात नेऊन पसरतेस का म्हणाले. ज्याला दात नाहीत त्याचं मरण मरण नसतं म्हणाले. ती तेव्हा पहिल्यांदाच उलटून बोलली, विचारलं, माझी मुलगी कुठं ठेवलीस? “रागात माझ्या तोंडून गेलं. सांगू नये ते सांगितलं. उंबरापाशी, जिथं नदी वळते.”

फेब्रुवारीतली नदी, भर पावसाळ्यातली. गेला आठवडाभर वरच्या अंगाला पाऊस झालाय.

कुंदाईच्या जुन्या गाडीत आम्ही तिघी बसलो. सासू फक्त ‘डावीकडे’, ‘आता सरळ’ एवढंच म्हणत होती. सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार नाही असं तिला वाटत असेल. मला वाट माहीत होती.

गाडी उभी केली तिथून पाण्याचा आवाज येत होता. गवत कमरेएवढं. सासू पुढं, मागं मी, शेवटी कुंदाई. उंबर दिसला. खाली पिवळी बसलेली होती. बिनस्वेटरची, दंड एवढे बारीक. पाय चिखलात, पाणी तिच्यापासून एका चटईच्या अंतरावर. एका हातानं माती थोपटत होती, लेकराला झोपवतात तशी.

मी धावणारच होते. धरून ओढणार होते, कुळाची शपथ घालणार होते, दोन थोबाडीत देऊन छातीशी धरणार होते. कुंदाईनं माझं मनगट धरलं. कानाशी म्हणाली, “आत्या नको आता. बाकावरची आजी हवी. प्रश्न तुम्हीच विचारा, तुम्हालाच सांगत होती ती.”

मी गेले. जवळ बसले, तिच्या आणि पाण्याच्या मधे. आधी क्षमा मागितली. म्हटलं, तू बाकावर बोललीस ते मी तुझ्या घरी नेलं. तुला विचारलं नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. ती माती थोपटत राहिली. मग मी गप्प बसले. पाण्याचा आवाज माझ्या डोक्यात शिरला होता आणि तरी बसले.

मग विचारलं. आडवळण नाही, देवाचं नाव नाही. वर्गात शिकवलंय की सरळ विचारल्यानं मनात नसलेलं मनात येत नाही. मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

“जगणं संपवावं असं मनात आहे का?”

ती म्हणाली, “आहे.”

“आज?”

“सकाळपासून. पण ही ओली आहे खाली. हिला असं सोडून कसं जाऊ?”

मी म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. आता मी हे कागदावर लिहिणार. आणि इथंच, तुझ्यासमोर, कुंदाईला सांगणार. तुझ्या पाठीमागे आता काही नाही करायचं मी. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सांगा.” मी कुंदाईला सांगितलं, तिनं ऐकलं आणि तिथूनच नर्सला फोन लावला.

एवढा वेळ सासू उंबराला टेकून उभी होती. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. तिनं चपला काढल्या, चिखलात उतरली आणि पिवळीच्या शेजारी बसली. थोडं पलीकडे एक गुळगुळीत दगड होता, त्यावर हात ठेवला.

“इथं माझा आहे,” ती म्हणाली. “सत्त्याऐंशी सालचा. माझ्या सासूनं आणला होता. मी पाठोपाठ लपत आले आणि जागा बघून ठेवली. कुणाला सांगितलं नाही.”

पिवळीचा हात थांबला. मग ती रडली. आवाज काढून, तोंड उघडून, जसं आमच्याकडे मोठ्या माणसासाठी रडतात तसं. सासू तिला गप्प करायला गेली नाही. कुंदाईही नाही. मीही नाही, पण माझं लक्ष तेव्हा जरा नदीकडे होतं. तिथून वर, जिथं जुना पाणवठा होता, तिथं आता लव्हाळी माजलीत, काही ओळखू येत नाही. ते सोडा.

तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. रात्रभर सासू तिच्या उशाशी होती, असं नर्स सांगते.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चला गेले, बिल्ला पर्समध्ये ठेवून. विन्नेटला सगळं कळलंय असं तिच्या चालण्यावरून कळलं, पण विचारलं काहीच नाही. घरी जाताना माझ्या पिशवीत दोन आंबे टाकले. म्हणाली, “गप्प बसायला मलाही शिकवलंय गं.”

बाक अजून माझाच आहे. महिनाभर कुंदाई माझ्या शेजारी बसून ऐकणार. देवक विचारायचं नाही, हे आता मला कळलंय. विचारलंच आणि नातं निघालं, तर त्या माणसाला दुसऱ्या आजीकडे पाठवायचं.

कुंदाईनं आणखी एक विचारलं. “आजी, त्या मुलीत तुम्हाला कोण दिसत होतं?” मी म्हटलं, कुणी नाही, माझ्या सगळ्या पोरी धडधाकट आहेत, एक बुलावायोला, दोन हरारेला, एक इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करते. ती म्हणाली, किती लेकरं तुमची? म्हटलं, सात वाढवली. ती वाट बघत बसली, तिच्या सवयीनं. मग माझ्या तोंडून गेलं, जन्म दिला आठांना. तिनं काही लिहून घेतलं नाही. म्हणाली, ऐकणाऱ्यालाही बाक लागतो, सोमवारी दुपारी माझ्या बाकावर या, मी ऐकीन.

मला काय सांगायचं असणार? सत्त्याहत्तर सालची गोष्ट, स्वातंत्र्याच्या लढाईचे दिवस होते. तो मुलगा होता. पण जाईन. तिला वाईट वाटायला नको.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल चर्चच्या बायकांच्या सभेला गेले नाही, कारण सोमवारी कुंदाईच्या बाकावर बोलले त्यानं डोकं अजून जड आहे. हलकं आणि जड दोन्ही. पातेलं घासून ठेवल्यासारखं.

आज सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल, तर सासू. एकटीच, साडेआठला, मी अजून बाक पुसत होते. मला धडकी भरली. म्हणाली, ती मागून येतेय, फाटकात नर्स भेटली. मग रुमालाची गाठ सोडून तीन अंडी बाकावर ठेवली. “तुमच्या कोंबडीची. त्या बुधवारी दवाखान्यातून परत आल्यावर सोडली तिला, आता अंगणात कुणाला उभं राहू देत नाही. चिहेराच आहे.” मी म्हटलं, बाकावर भेट घेता येत नाही, मर्यादा असते. कुंदाई शेजारीच बसलेली. सासू म्हणाली, मग मी विसरून जाते, विहीणबाई, म्हातारी आहे मी.

पिवळी आली. आता तिला पिवळी म्हणणं बरोबर नाही, निळा ब्लाउज होता अंगावर, पण नाव तर लिहायचं नाही. मोठ्या दवाखान्यातून घरी सोडलंय, गोळ्या चालू आहेत. झोप थोडी येते. नवऱ्याला फोन केला, मुलीचं नाव ठेवायचं म्हणाली, तर त्यानंच एक नाव सुचवलं. चौदा प्रश्नांचा कागद भरला. सहा ‘हो’. लाल चौकोनाशी आल्यावर मी थांबले, तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “कधीकधी येतं. कालही आलं. आईंना सांगितलं, मग गेलं.” मी लिहिलं, तिच्या देखत, तिचेच शब्द.

कुंदाईनं तिला दुसरी आजी हवी का विचारलं, ती नको म्हणाली, पण मला आता आजी म्हणते. आत्या नाही. एकदा जरा खुपलं, मग बरं वाटलं.

सासूनं विचारलं, या बाकावर माझ्यासारखीनं बसायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं? कुंदाई म्हणाली, कुणालाच नाही, पण एस्नाथ आजींचं तुमच्याशी नातं जडलंय, तुमच्यासाठी विन्नेट आजी. विन्नेट पलीकडच्या बाकावरून बघत होती, ताठ झाली.

मंगळवारी येतो म्हणाल्या. चार मार्च, नऊ वाजता. दोघी.